थंडी उंचीला खोडत नाही: स्नोमोबाइलच्या जेटविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

मिनेसोटात राहणाऱ्या आणि हौसेखातर कार्ब्युरेटरची जुनी स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) स्वस्तात विकत घेणाऱ्या मराठी मंडळींमध्ये दर हिवाळ्यात एक संदेश फिरतो. रॉकी पर्वतात गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात. उंचीवर हवा विरळ होते, पण तिथे थंडीही वाढते आणि थंडीने हवा दाट होते, म्हणून दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा पितळी तुकडा, बदलण्याची गरज उरत नाही, ही पहिली. किरकोळ फरक पडलाच तर एअर स्क्रू, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा हवा कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू, अर्धा फेरा फिरवून भागते, ही दुसरी. वर गेल्यावर ताकद कमी वाटली तर मिश्रण नीट लावल्यावर ती परत येते, ही तिसरी. ऑइल पंप वेगळा असल्यामुळे मिश्रण लीन झाले (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले) तरी इंजिन सीझ होत नाही, म्हणजे पिस्टन अडकत नाही, ही चौथी. आणि स्पार्क प्लग तपकिरी दिसला की सगळे ठीक समजावे, ही पाचवी. पाचही गोष्टींत सत्याचा थोडाफार अंश आहे आणि त्यामुळेच हा संदेश इतका टिकला असावा.

प्रथम कार्ब्युरेटर काय करतो ते पाहू. इंजिन हवा आत ओढते, ती हवा व्हेंचुरीच्या अरुंद भागातून वेगाने जाते, तिथे दाब घटतो आणि फ्लोट बाउल या खालच्या छोट्या भांड्यातले पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. हवा विरळ झाली की आत जाणाऱ्या हवेचे वजन घनतेच्या प्रमाणात घटते. पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. घनता ८१ टक्क्यांवर आली तर हवा १९ टक्क्यांनी कमी होते, पण पेट्रोल फक्त १० टक्क्यांनी. अर्थात मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, ते रिच होते. हवा दाट झाली की याच्या नेमके उलट घडते आणि मिश्रण लीन होते. कार्ब्युरेटरला उंची कळत नाही आणि थंडीही कळत नाही; त्याला फक्त घनता कळते.

आता पहिला मुद्दा आकड्यांनी तपासू. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, स्नोमोबाइल बनवणारी पोलारिस कंपनी जिथे जन्मली ते रोझो हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर आहे. वायोमिंगमधली टॉगवोटी खिंड सुमारे २,९४० मीटरवर आहे. प्रमाण वातावरणाच्या सूत्राप्रमाणे खिंडीतला हवेचा दाब रोझोच्या दाबाच्या साधारण ७२ टक्के भरतो. तापमान दोन्हीकडे सारखेच धरले तरी मिश्रण १७ टक्क्यांहून अधिक रिच होते. थंडीने हा फरक पुसून टाकायचा असेल, तर रोझोमध्ये उणे २५ अंश असताना खिंडीत सुमारे उणे ९३ अंश सेल्सिअस असावे लागेल. पृथ्वीच्या पृष्ठभागालगत हवामान केंद्रावर नोंदलेले सर्वांत कमी तापमान उणे ८९.२ अंश आहे. ते अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी नोंदले गेले. वायोमिंगकडून तेवढी अपेक्षा ठेवणे फारच झाले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली दिसत नाही. उंचावर गेल्यावर थंडी वाढते, हा आपला सह्याद्रीतला अनुभव आहे. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना तो खराही ठरतो. पण उत्तर मिनेसोटाच्या सपाटीवर कॅनडाकडून येणारी ध्रुवीय हवा ठाण मांडून बसते. याच राज्यातल्या टॉवर या गावाने २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस, पाहिलेले आहे. त्यामुळे घरून निघताना उणे २५ आणि डोंगरावर पोहोचल्यावर दुपारी उणे ८, असे सहज घडते. उंची हवा विरळ करते आणि तुलनेने उबदार दुपार ती आणखी विरळ करते. घनता ६८ टक्क्यांवर येते आणि मिश्रण सुमारे २१ टक्क्यांनी रिच होते. म्हणजे ज्या प्रवासासाठी हा सल्ला दिला जातो, त्याच प्रवासात दोन्ही परिणाम एकमेकांना खोडण्याऐवजी एकाच दिशेने ढकलतात. मिकुनी या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपनीच्या षटकोनी मेन जेटवरचा (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य जेटवरचा) आकडा त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलच्या मानाने दिलेला असतो. घरी ३४० चा जेट बरोबर बसत असेल, तर या हिशेबाने वर सुमारे २८० लागतो. मिकुनीचे हे जेट दहा-दहाच्या पायऱ्यांनी मिळतात, तेव्हा हा सहा पायऱ्यांचा फरक झाला.

हा गैरसमज कुठून आला असावा, याचा मला एक अंदाज आहे. आपल्याकडची बरीच मंडळी तरुणपणी कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलवर लडाखला जाऊन आलेली आहेत. पुण्याच्या ३० अंशांतून निघून खारदुंग ला या खिंडीत शून्य अंशाला पोहोचणाऱ्याला थंडीची मदत खरोखर होते, पण किती? केवळ उंचीमुळे मिश्रण जिथे सुमारे ३६ टक्के रिच झाले असते, तिथे थंडीमुळे ते २९ टक्क्यांवर थांबते. थंडीने थोडे परत दिले हे खरे, पण त्याला खोडणे म्हणता येत नाही. खिंडीजवळ धूर सोडत गुदमरणारी गाडी ज्यांनी ढकलली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक पुरावा तर गाडीवरच चिकटवलेला असतो. कार्ब्युरेटरच्या काळात कंपन्या जेटचा तक्ता देत असत; कुठे तो बॉनेटच्या आत असे, कुठे क्लचच्या आवरणावर, कुठे पुस्तिकेत. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला तापमान आणि प्रत्येक चौकटीत जेटचा आकडा. उंची वाढली की आकडा घटतो, तापमान वाढले तरी घटतो. उंची आणि थंडी एकमेकांना खोडत असत्या, तर एका आकड्यावर भागले असते, एवढा तक्ता छापण्याचा खटाटोप कोणी केला नसता. तक्ता वाचताना मात्र एक सावधगिरी हवी: त्यातले अंश बहुधा फॅरनहाइट असतात आणि उंची फुटांत असते. बाहेर उणे १० सेल्सिअस असताना मी एकदा तक्त्यातली उणे १० ची ओळ धरून जेट बसवला होता. ती ओळ प्रत्यक्षात उणे २३ सेल्सिअसची होती. गाडी दिवसभर धुरकट चालली, पण चूक पेट्रोल जास्त होण्याच्या बाजूची असल्याने निभावले.

एअर स्क्रूचा मुद्दा लवकर आटोपता येतो. तो फक्त पायलट सर्किटवर, म्हणजे थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना, परिणाम करतो. पुढे स्लाइडचा, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर सरकणाऱ्या झडपेचा, कट, मग साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडल, म्हणजे त्या झडपेला लटकणारी निमुळती सुई, आणि शेवटी मेन जेट सूत्रे हाती घेतो. एअर स्क्रू अर्धा फेरा फिरवल्याने उभी गाडी सुरेख घुमते आणि पूर्ण थ्रॉटलला काहीही बदलत नाही. संदेशावर विश्वास बसतो तो याच घुमण्यामुळे, असे मला वाटते.

ताकदीविषयी एवढेच सांगतो की मिश्रण दुरुस्त केल्याने रिच झाल्यामुळे गेलेली ताकद परत येते. विरळ हवेमुळे गेलेली येत नाही. घनता ६८ टक्के असेल तर इंजिनला जाळायला ऑक्सिजनच तेवढा मिळतो. शिवाय स्नोमोबाइलला बेल्टचा क्लच असतो. ताकद घटली की इंजिन आपल्या नेमक्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि टू-स्ट्रोकची सारी करामत त्या अरुंद पट्ट्यातच असते. त्यासाठी क्लचमधली वजने हलकी करावी लागतात. हे काम जेटचे नव्हे.

चौथा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर विसंबून माणसे परतीच्या वाटेवर इंजिन गमावतात. वर जाताना जेट बदलला नाही तर काय होईल? गाडी अडखळेल, प्लग काळे पडतील, पेट्रोल उडेल. वरून उतरताना बदलला नाही तर पिस्टन जाईल. डोंगरासाठी बसवलेला २८० चा जेट तसाच ठेवून घरच्या उणे २५ मध्ये गाडी चालवली, तर मिश्रण जवळपास १८ टक्क्यांनी लीन होते. उंची न बदलताही हे घडू शकते: उणे ५ वरून पारा उणे ३५ वर गेला तर हवा साडेबारा टक्क्यांनी दाट होते आणि मिश्रण सुमारे सहा टक्क्यांनी लीन होते, म्हणजे दोन पायऱ्यांचा जेट कमी पडतो.

ऑइल पंप वेगळा असतो, हे खरे. तो इंजिनच्या फेऱ्या आणि थ्रॉटल यांनुसार ऑइल देतो, मिश्रण रिच आहे की लीन याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पण पिस्टन केवळ ऑइलच्या अभावाने अडकत नाही. पूर्ण थ्रॉटलला टू-स्ट्रोक इंजिन मुद्दाम थोडे रिच ठेवलेले असते, कारण जादा पेट्रोलाचे बाष्प होताना ते पिस्टनच्या माथ्याची उष्णता घेऊन जाते. ते कमी झाले की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो, एक्झॉस्टच्या बाजूला ऑइलचा पापुद्रा जळून जातो आणि धातूवर धातू घासू लागतो. पंपाने ऑइल दिले होते की नाही, हा प्रश्न त्या क्षणी निरर्थक असतो. न्यायाने हेही सांगायला हवे की सकाळी इंजिन पुरते तापू न देता थ्रॉटल पिळल्यानेही पिस्टन अडकतो, कारण पिस्टन लगेच फुगतो आणि सिलिंडर अजून थंड असतो. लीन मिश्रणाच्या माथी मारलेली काही प्रकरणे मुळात या जातीची असतात.

प्लगचा रंग इथेच फसवतो. जंगलातल्या वळणावळणाच्या वाटेवर तासभर पाव-अर्ध्या थ्रॉटलने गेलात की मेन जेटचा संबंधच येत नाही. पेट्रोल नीडलच्या हिशेबाने येते आणि प्लग छान तपकिरी निघतो. मग झाडी संपते आणि समोर लेक ऑफ द वूड्ससारखे गोठलेले सपाट सरोवर पसरते. तिथे कोणालाही हात आवरत नाही. थ्रॉटल दोन-तीन मिनिटे पूर्ण उघडा राहतो आणि दिवसभरात मेन जेटची पहिली परीक्षा तिथे होते. इंजिनचा आवाज अचानक चढा आणि कोरडा होतो, फेऱ्या किंचित घसरतात आणि ट्रॅक जागीच थबकतो. मेन जेटसाठी प्लग वाचायचाच असेल, तर पूर्ण थ्रॉटलला असतानाच इंजिन बंद करून, गाडी थांबल्यावर तिथेच प्लग काढून पाहावा. गॅरेजपर्यंत रमतगमत आणलेला प्लग फक्त त्या रमण्याची हकिगत सांगतो.

जेट बदलण्याची गरज नाही, ही गोष्ट ज्यांना लागू पडते अशा गाड्याही आहेत. इंधन इंजेक्शनच्या गाड्या, उदाहरणार्थ २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या स्की-डू या ब्रँडच्या ई-टेक, दाब आणि तापमान स्वतःच मोजून पेट्रोल ठरवतात. स्की-डूच्याच काही कार्ब्युरेटरच्या गाड्यांत डीपीएम नावाची यंत्रणा फ्लोट बाउलमधला दाब कमी-जास्त करून बरेचसे काम सांभाळते. तुमची गाडी यांपैकी असेल तर जेटच्या वाटेला जाऊ नका. संदेशात हा भेद केलेला नाही आणि तो वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे नव्वदच्या दशकातली दोन कार्ब्युरेटरची गाडी आहे, ते त्यावर विसंबतात.

मेन जेट बदलण्याचे काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. रबरी बुशाचा क्लॅम्प सैल करायचा, कार्ब्युरेटर कलता करायचा, फ्लोट बाउलखालचा मोठा बोल्ट काढायचा; पेट्रोल बोटांवर सांडते आणि उणे तापमानात ते इतक्या झपाट्याने उडते की बोटे क्षणात बधिर होतात. नखाएवढा पितळी जेट बर्फात पडला तर तो वसंतातच सापडतो, म्हणून खाली फडके अंथरलेले बरे. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्हींतले जेट बदलायचे. मी हे काम परतीच्या प्रवासात डोंगराखालीच, ट्रेलरवर गाडी चढवण्याआधी उरकतो आणि आत असलेल्या जेटचा आकडा चिकटपट्टीवर लिहून ती किल्लीशेजारी लावतो. घरी पोहोचल्यावर आठ दिवसांनी गाडी काढताना २८० की ३४० हे आठवत नाही, आणि शेजारचा मुलगा गाडी मागायला आला तर त्याला ते ठाऊक असण्याचे कारणच नसते.