आमच्या धुऱ्यावरचा काटा

नवीन वर्षाच्या रात्री आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या अभिवचनांच्या चिठ्ठ्या काढतात. यंदा मला यिर्मया २९:११ आलं. हिताचे संकल्प, चांगले दिवस. लगेच स्टेटसला टाकलं, आमेनवर आमेन पडले. आमच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरही हेच वचन रंगवलेलं आहे.

त्याच्या वरचं दहावं वचन कुणी रंगवत नाही. बाबेलात सत्तर वर्षं काढावी लागतील, असं त्यात आहे. हे वचन म्हणजे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात बंदिवान नेलेल्या लोकांना धाडलेलं पत्र. ते ज्यांना गेलं, त्यातल्या बहुतेकांची माती तिकडंच होणार होती. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगून मोकळा झाला होता की दोनच वर्षांत सगळं परत येते. मी तिथं असतो तर हनन्याचंच स्टेटस ठेवलं असतं.

बरं, भविष्यवाणीचं आम्हाला वावडं आहे असंही नाही. प्रकटीकरणातला श्वापदाचा आकडा ६६६ म्हणजे आधार कार्ड, अमक्या युद्धात तमकं वचन पूर्ण झालं, हे ग्रुपवर रोज चालू असतं. त्यात शिक्षा दुसऱ्याला होते, म्हणून वाचायला गोड लागते.

आमोस संदेष्टा मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांवर राबणारा माणूस. बेथेलात जाऊन बोलला, तर तिथल्या अमस्या याजकानं सांगितलं, यहूदात जा अन् तिकडंच पोट भर. त्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी सरतो याची वाट पाहतात. धान्य मोजायचा एफा लहान, पैसे तोलायचा शेकेल मोठा, तराजू खोटी. हे वाचलं की आम्हाला खेडा खरेदीवाला आठवतो. क्विंटलमागं कडता म्हणून वजन कापतो, वरून ओलाव्याचं वेगळं. बरोबर बोलला आमोस, म्हणतो आम्ही.

पण संध्याकाळी आमच्या धुऱ्यावर बाभळीला लटकलेला काटा कुणाचा?

कापूस वेचणीची मजुरी किलोवर. गाठोडं आकड्याला लावलं की मी एक किलो कमी लिहायचो, फडक्याचं म्हणून. आमचे बाबाही तसंच लिहायचे. गेल्या साली एका मावशीनं कापूस गंजीवर ओतला, रिकामं फडकं परत आकड्याला लावलं आणि बाजूला झाली.

"वाच ना भाऊ, किती हाय ते."

काटा हलल्यासारखाही दिसला नाही. मागं रांगेत बाया हसल्या. मी मोबाईल काढून कुणाचा तरी फोन आल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात कापणीचा सण. पहिल्या वेच्यातलं भरगच्च पोतं मी वेदीपुढं नेऊन ठेवलं, पाळकांनी नाव घेऊन प्रार्थना केली. 'तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे', हे आमोसाच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं. पुढं एकदा पाळकांना म्हटलं, आमोसावर एखादा संदेश द्या. ते हसले. "दानार्पण मग कोण देईल?" गमतीतच म्हणाले, पण विषय तिथंच संपला.

यंदा वजन वाचायचं काम बायांपैकीच एकीकडे दिलं आहे, मी नुसतं लिहितो. धाकटा भाऊ चिडला आहे. रोजचे पंधरा किलो वाढले म्हणतो. वाढले नाहीत, होतेच, हे त्याला अजून पटत नाही.

मागच्या सालांचा हिशेब राहिला आहे. मावशी रोज येते, गाठोडं लावते, जाते. तिच्याशी त्यावर बोलायचं म्हणून दोनदा थांबवलं, आणि दोन्ही वेळा उद्या लवकर या, एवढंच म्हणालो.