चढावर रेस देऊन गाडी धरू नका : ड्युअल-क्लचच्या ‘सात नियमां’ना उत्तर

‘ड्युअल-क्लच स्पोर्ट्स कार घेतलीय? हे सात नियम पाळा, गिअरबॉक्स आयुष्यभर टिकेल’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो आधी येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग तो माझ्या भाच्याकडे पोहोचला. त्याने नुकतीच एक वापरलेली ड्युअल-क्लच स्पोर्ट्स कार घेतली आहे. आजवर सगळं ड्रायव्हिंग तीन पेडलच्या गाडीवर, त्यामुळे नवं काही वाचलं की तो लगेच करून बघतो. मेसेजमधला दुसरा नियम त्याने अगदी मन लावून पाळला आणि पार्किंगच्या रॅम्पवर गाडीने गिअरबॉक्स तापल्याचा इशारा दिला. फोनवर म्हणाला, “मामा, मी तर सांगितलंय तसंच करत होतो रे.” खरंच तसंच करत होता. तिथेच माझं डोकं फिरलं.

मेसेज थोडक्यात असा. एक, या गाडीत क्लच नसतो, तेव्हा ती कुठल्याही ऑटोमॅटिकसारखी बिनधास्त चालवा. दोन, चढावर थांबताना ब्रेक दाबू नका, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी धरा, म्हणजे निघताना ती मागे जात नाही. भीती वाटली तर डावा पाय ब्रेकवर ठेवा. तीन, प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल. चार, उतारावर न्यूट्रल, पेट्रोल वाचतं. पाच, पॅडलने (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्टीने) गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर सोडा. सहा, अधूनमधून लाँच कंट्रोल (थांबलेली गाडी पूर्ण ताकदीने सुटावी म्हणून दिलेली सोय) मारा, गिअरबॉक्स ‘मोकळा’ होतो. सात, गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं, बदलू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत : ‘कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथेच सगळ्यात जास्त आहे आणि ते समजण्यासाठी पहिलाही खोडावा लागतो.

या गाडीत क्लच नसतो, हे धडधडीत खोटं आहे. क्लच दोन असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम. दोघांचे शाफ्ट एकात एक बसवलेले, बाहेरचा पोकळ. तुम्ही तिसऱ्यात वेग घेत असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. मग एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो आणि चाकांना जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. ही कल्पना फ्रेंच अभियंता आदोल्फ केग्रेसने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मांडली, पॉर्शने ती १९८०च्या दशकात रेसिंगच्या गाड्यांत आणली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून ती सर्वसाधारण ग्राहकाच्या हातात आली. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोहोचवणारा भाग, असतो. तिथे घसरण तेलात होते, ते तेल फिरत राहतं आणि कूलरमध्ये थंड होतं. ड्युअल-क्लचमध्ये घसरतात त्या खऱ्याखुऱ्या घर्षणाच्या प्लेट. आत मॅन्युअल गिअरच्या गाडीचीच रचना आहे, फक्त क्लचचं पेडल दाबण्याचं काम कॉम्प्युटर करतो.

आता चढावर ब्रेक सोडून रेसवर गाडी धरली की आत काय होतं ते बघा. मॅन्युअल शिकताना पहिल्याच आठवड्यात मास्तर ओरडून सांगतात की चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, उभं राहू नकोस. मेसेजमधला दुसरा नियम म्हणजे नेमका तोच हाफ क्लच आहे. फरक एवढाच की मॅन्युअलमध्ये तुमच्या डाव्या पायाला कळतं, इथे पायाला काहीच कळत नाही.

आकड्यांत सांगतो. दीड टनाची गाडी, दहा मीटरला एक मीटर चढणारा रॅम्प, पहिल्या गिअरचं फायनल ड्राइव्हसकट एकूण प्रमाण साधारण १४, इंजिन १२०० आरपीएमवर. गाडी जागेवर धरायला क्लचवर सुमारे ३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. चाकं फिरत नाहीत, म्हणजे इंजिन देतंय ती सगळी शक्ती, जवळपास साडेचार किलोवॅट, क्लचमध्ये उष्णता होऊन बसते. पाणी तापवायचे दोन मोठे हीटर गिअरबॉक्सच्या पोटात लावून ठेवल्यासारखं आहे हे. रॅम्प दुप्पट तीव्र असेल तर उष्णताही दुप्पट. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये क्लच ‘ओले’ असतात, म्हणजे तेलात बुडलेले किंवा तेलाचा मारा होणारे, त्यामुळे ते काही वेळ तग धरतात. कोरड्या क्लचच्या गाडीत ही उष्णता जायला प्लेटचं धातू आणि आजूबाजूची हवा, एवढंच. आधी निघताना थरथर जाणवते, मग जळका वास, मग इशारा.

‘कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत’ म्हणणाऱ्याने एकदाही ओनर्स मॅन्युअल, म्हणजे गाडीसोबत येणारं माहितीपुस्तक, उघडलेलं नाही. ह्युंदाईच्या ड्युअल-क्लच गाड्यांचं मॅन्युअल काढा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, फूट ब्रेक किंवा पार्किंग ब्रेक वापरा, नाहीतर क्लच तापेल, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. एवढंच नाही, चढावर कोणी रेसवर गाडी धरलीच तर ब्रेक दाबा म्हणणारा संदेश डॅशबोर्डवर येतो. त्यापुढची पायरी आली तर काय करायचं, तेही तिथेच आहे : सुरक्षित जागी थांबा, ब्रेक दाबा, गिअर पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवूनच थंड होऊ द्या. घाबरून लगेच इंजिन बंद करायचं नाही. म्हणजे कंपनीने सांगितलंय, छापलंय आणि गाडीलाही बोलायला शिकवलंय. फोक्सवॅगनच्या मॅन्युअलचं म्हणणं वेगळं नाही. स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल काढून ‘चढ’ आणि ‘गिअरबॉक्स तापणे’ एवढी दोन पानं वाचली असती, तरी हा नियम कोणी पुढे पाठवला नसता.

आणि तो डावा पाय! सवय नसलेला डावा पाय ब्रेकवर गेला की तो क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबतो आणि मागचा माणूस तुमच्यात येऊन धडकतो. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो. ऐन निघायच्या वेळी गाडी मेल्यासारखी वाटते, मग माणूस अजून रेस देतो. चढावर याच्यासारखी वाईट गोष्ट नाही.

योग्य पद्धत अवघड नाही. ब्रेक घट्ट दाबून थांबा. नुसता टेकवू नका, घट्ट दाबा, कारण बहुतेक गाड्यांत ब्रेक पुरेसा दाबला की कॉम्प्युटर क्लच सोडून देतो आणि घसरण थांबते. निघताना पाय ब्रेकवरून सरळ अ‍ॅक्सिलरेटरवर. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवली जाते, तेवढा वेळ पाय बदलायला भरपूर आहे. नसेल तर पार्किंग ब्रेक लावा आणि गाडीने जोर धरला की सोडा. पहिल्या काही दिवसांत सगळ्यांची एक चूक होते : पेडल दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, म्हणून माणूस अजून दाबतो आणि क्लच धरताच गाडी उडी मारते. तो क्षण क्लचला पकड घ्यायला लागतो. पहिला मीटरभर हलक्या पायाने जाऊ द्या, चाकं फिरायला लागली की मग हवं तेवढं दाबा.

ट्रॅफिकमध्येही हेच गणित. वरच्याच गाडीत इंजिन ८०० आरपीएमच्या आयडलवर असताना क्लच पूर्ण धरला, तर पहिल्या गिअरात वेग ताशी सुमारे ७ किलोमीटर येतो. याचा अर्थ त्याहून हळू सरकताना क्लच घसरतच असतो, तुम्ही काहीही करा. म्हणून पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून इंचाइंचाने सरकण्यापेक्षा थोडं अंतर सुटू द्या, मग एकदाच नीट निघा आणि पुन्हा नीट थांबा. चढावर रिव्हर्स पार्किंग करताना तर विशेष सांभाळा. तिथे वेग सगळ्यात कमी आणि टॉर्क जास्त. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर सपाटीवर येऊन थोडं थांबा.

तिसऱ्या नियमात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. रेल्वे फाटकासारख्या ठिकाणी बराच वेळ थांबणार असाल तर न्यूट्रल किंवा पी आणि पार्किंग ब्रेक, यात काही चूक नाही. पायालाही आराम. पण प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करून काही वाचत नाही. ब्रेक घट्ट असला की क्लच तसाही सुटलेला असतो. उलट हिरवा दिवा लागला की घाईत न्यूट्रलमध्येच रेस दिली जाते आणि मग तशाच चढलेल्या आरपीएमवर ड्राइव्हमध्ये टाकलं जातं.

चौथा मात्र धोक्याचा आहे. उतारावर गिअरात असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की आजची इंजेक्शनची इंजिनं पेट्रोल पूर्ण बंद करतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये टाकलं की आयडलसाठी पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च केलात. वर इंजिनचा ब्रेक गेला. घाटाचा लांब उतार फक्त ब्रेकवर उतरलात तर ते तापून ढिले पडतात आणि स्पोर्ट्स कार वेग किती झटकन पकडते ते वेगळं सांगायला नको. काही पॉर्शमध्ये पीडीके (पॉर्शचा ड्युअल-क्लच) गिअरबॉक्स स्वतःहून क्लच सोडून गाडी तरंगू देतो, हे खरं आहे. ते कॉम्प्युटर परिस्थिती बघून करतो आणि ब्रेकला पाय लागला की परत जोडतो. हाताने न्यूट्रल करण्याशी त्याचा संबंध नाही. पॅडलने खालचा गिअर घ्या आणि निवांत उतरा.

पाचवा वाचून खरं तर वाईट वाटलं, कारण या गिअरबॉक्सची सगळी मजाच त्याने काढून घेतली. पॉर्शने ९५६ आणि ९६२ या रेसिंगच्या गाड्यांत पीडीके वापरला, त्याचं एक मोठं कारण हेच होतं की ड्रायव्हरला गिअर बदलताना पाय उचलावा लागू नये आणि टर्बोचा दाब पडू नये. तुम्ही पाय उचलता तेव्हा कॉम्प्युटरला वाटतं वेग कमी करायचाय आणि तो खालचा गिअर तयार ठेवू शकतो. मग तुम्ही वरचा मागता आणि गिअर बदलायला उशीर होतो. उलटही होतं : जोरात वेग घेत असताना वरचा तयार असतो, अचानक खालचा मागितला तर क्षणभर जास्त लागतो. गिअरबॉक्स बिघडलेला नसतो, त्याचा अंदाज चुकलेला असतो. पाय स्थिर ठेवा, काय हवंय ते पायातून आधी कळू द्या. आणि पॅडलने चुकून फार खालचा गिअर मागितलात तर इंजिन मर्यादेबाहेर जाणार असल्यास कॉम्प्युटर तो नाकारतो, त्याची धास्ती नको.

लाँच कंट्रोलने काही मोकळं होत नाही. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, आणि ब्रेक सोडताच चढलेल्या आरपीएमवर क्लच धरणं : संपूर्ण गाडीवर सगळ्यात जास्त ताण येतो तो याच क्षणी. निसान जीटी-आरच्या सुरुवातीच्या काळात लाँच करून गिअरबॉक्स मोडल्याच्या तक्रारी आणि वॉरंटीचे वाद झाले, नंतर निसानने सॉफ्टवेअर बदलून लाँच सौम्य केलं. करायचंच तर ट्रॅकवर, इंजिन आणि गिअरबॉक्स नेहमीच्या चालण्याइतके गरम झालेले असताना, आणि दोन लाँचच्या मध्ये गाडी चालवून थंड होऊ देत. नव्या गाडीवर तर रनिंग-इन (सुरुवातीचा जपून चालवायचा काळ) संपेपर्यंत अजिबात नको.

या गिअरबॉक्सबद्दल लोकांच्या मनात भीती आहे ती मात्र अगदीच हवेतली नाही, हेही सांगतो. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये ड्युअल-क्लचच्या दोषांपायी ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि फोर्डच्या कोरड्या क्लचच्या फिएस्टा-फोकसवरून अमेरिकेत मोठा खटला चालला. पण अशा दोषांवर इलाज कंपनीकडे असतो. चढावर रेस देऊन गाडी धरल्याने ते बरे होत नाहीत.

राहिलं ऑइल. ‘आयुष्यभराचं’ हे सरसकट खरं नाही. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला (त्यांच्या ड्युअल-क्लचचं नाव) दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलेलं आहे. ओल्या क्लचमध्ये प्लेटची झीज त्याच तेलात उतरते, अनेक गिअरबॉक्समध्ये तेच तेल व्हॉल्व्हमधूनही फिरतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ट्रॅकवर नेत असाल तर त्याआधीच बदला. आणि भाच्यासारखी वापरलेली गाडी घेतली असेल तर ऑइल कधी, किती किलोमीटरला बदललं याची लेखी नोंद मागा. नोंद नसेल तर बदललेलं नाही असं धरून कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल, फिल्टरसकट, बदलून घ्या आणि त्याच वेळी स्कॅनर लावून क्लचचं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे क्लच नेमका कुठे धरतो याची कॉम्प्युटरमधली जुळवणी, करून मागा. निघतानाची थरथर पुष्कळदा तेवढ्यानेच कमी होते. झाली नाही, तर प्लेट तपासून घ्याव्या लागतील.