धुळवड, शुक्रवार आणि मटणाचा डबा

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत कॅथलिकांची बिऱ्हाडे दोनच, एक माझे आणि दुसरे धाकट्या भावाचे. त्यामुळे राखेचा बुधवार उजाडला, म्हणजे ईस्टरआधीचे आमचे संयमाचे दिवस सुरू झाले, की हा प्रायश्चित्तकाळ म्हणजे काय, हे मजल्याला समजावून सांगण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. खरी अडचण 'उपवास' या शब्दाची आहे. शेजारच्या वहिनींच्या लेखी उपवास म्हणजे साबुदाणा, वरी आणि रताळे. त्यात तळलेले पापलेट कोठेही बसत नाही. शुक्रवारी आम्हांला मांस वर्ज्य असते, मासळी नसते, हे ऐकल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा उपवास मला द्या आणि माझी चतुर्थी तुम्ही घ्या."

कपाळावरच्या राखेचे मात्र मुंबईत कोणालाही नवल वाटत नाही. मागल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या जाळून केलेली ती राख लावून मी लोकलमध्ये शिरलो, तर शेजारच्या गृहस्थांनी आदराने थोडे सरकून जागा दिली आणि हा अंगारा कोणत्या बाबांचा, असे विचारले. जागा मिळालेली असल्यामुळे मी सविस्तर खुलासा करण्याचे टाळले. (प्रायश्चित्ताच्या यादीत हेही धरावे लागेल.)

2025 साली राखेचा बुधवार 5 मार्चला आला आणि 14 मार्चला, नेमक्या शुक्रवारी, धुळवड आली. धुळवडीला वहिनींकडे मटण शिजते आणि त्याचा एक डबा आमच्याकडे येतो, हा वीस वर्षांचा शिरस्ता आहे. डबा आला. झाकण बंद असूनही घरभर वास दरवळला. त्यातच गच्चीवर बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. जिभेवर ताबा ठेवायच्या दिवसांतच आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर कॅथलिकांच्या, घरांत वर्षाचा मसाला करायची वेळ यावी, यामागे कोणाची योजना असावी, ते मला अजून कळलेले नाही.

मी कायद्याचा आधार घेतला. उपवासाचे बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंतच असते आणि मला जानेवारीतच साठावे लागले होते. पत्नीने शांतपणे सांगितले, की ती सूट राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवसांच्या उपवासापुरती आहे. मांसवर्ज्य शुक्रवार चौदा वर्षे पूर्ण झाली की लागू होतो आणि मरेपर्यंत सुटत नाही. ही वाटाघाट जेवणाच्या टेबलावर सर्वांसमक्ष, कलमनिहाय झाली. अखेर डबा फ्रिजमध्ये गेला, कारण मध्यरात्रीनंतर शनिवार सुरू होतो आणि शनिवारी कोणाचीच हरकत नसते.

संध्याकाळी मी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे टप्पे आठवणाऱ्या प्रार्थनेला, गेलो. चौदा स्थानांपुढे गुडघे टेकताना निदान नऊ वेळा तरी माझे मन फ्रिजपाशी जाऊन आले. रात्री बारा वाजून एक मिनिटाने मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. डबा होता, घासूनपुसून पालथा घातलेला. शेजारी भावाचा मुलगा पाणी पीत उभा होता. दुपारची सगळी चर्चा त्याने मन लावून ऐकली होती.

"काका," तो म्हणाला, "मला चौदा जूनमध्ये पूर्ण होतात."