इंटरनेट 'मूलभूत हक्क' झाल्याच्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

सध्या फिरणारा मजकूर असा: 'युनोने 2016 मध्ये इंटरनेट हा मानवी हक्क ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो मूलभूत हक्क केला. आता ते फुकट द्यावं लागेल आणि सरकारला नेट बंद करता येणार नाही.' चार विधानं, एकही धड नाही.

1 जुलै 2016 ला मानवी हक्क परिषदेने ठराव केला, हे खरं. माणसाला एरवी जे हक्क आहेत ते ऑनलाइनही जपावेत, असं तो म्हणतो. मुद्दाम नेट तोडण्याचा निषेधही करतो. नवा हक्क त्यातून जन्मलेला नाही, आणि असे ठराव कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नसतात.

2020 चा निकाल म्हणजे अनुराधा भसीन खटला, 10 जानेवारीचा, काश्मीरमधल्या नेटबंदीवरचा. इंटरनेटवरून व्यक्त होणं आणि व्यवसाय करणं यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 चं संरक्षण आहे, असं न्यायालय म्हणालं. नेट मिळणं हाच मूलभूत हक्क आहे का, यावर मात्र आपण मत देत नाही, कारण तसा युक्तिवादच कोणी केला नाही, हेही त्याच निकालात लिहिलंय. बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, ही त्यातली खरी कमाई. तरी काश्मीरमध्ये 4जी परतलं ते फेब्रुवारी 2021 मध्ये!

दाव्याच्या जवळ जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाचाच, 30 एप्रिल 2025 चा आहे. अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांना पापणी मिचकावून ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करता येत नव्हती. तेव्हा डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग ठरला. फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.

फुकट? फिनलंडने 2010 मध्ये प्रत्येकाला 1 एमबीपीएस जोडणीचा कायदेशीर हक्क दिला, तोही वाजवी दरात, मोफत नव्हे.

आता नेटबंदी. सरकारला ती करता येते, पण वाटेल तशी नाही. आधी 2017 चे नियम होते, नोव्हेंबर 2024 पासून नवे आहेत. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लागतो. अगदीच अडलं तर त्यांनी अधिकार दिलेला, सहसचिव दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी तो काढू शकतो. पण 24 तासांत गृहसचिवाने कायम केला नाही तर तो गळून पडतो. एक आदेश जास्तीत जास्त 15 दिवसांचा, आणि पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत तो तपासायचा.

म्हणून तुमच्याकडे नेट गेलं की आधी आदेशाची प्रत मिळवा. सही कोणाची, कोणत्या नियमाखाली, क्षेत्र कोणतं, किती तास, कारण काय, एवढं बघा. जमावबंदीच्या कलमाखाली काढलेला किंवा कारणापुढे नुसतंच 'कायदा व सुव्यवस्था' लिहिलेला आदेश आव्हान द्यायला कच्चा असतो. आव्हान अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात. बीड-जालन्याला त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. अडचण अशी की बंदी बहुतेकदा दोन-तीन दिवसांची असते आणि याचिका सुनावणीला येईपर्यंत नेट परतलेलं असतं. तरीही प्रत जपून ठेवा. पुढच्या बंदीला आव्हान देताना जुने आदेश जोडता येतात.