दाखला लागू नये म्हणून

पस्तीस-एक वर्षं दर रविवारी चर्चमध्ये येशूचे दाखले, म्हणजे त्याच्या बोधकथा, ऐकतोय. पेरणारा झाला, हरवलेलं मेंढरू झालं, मोहरीचा दाणा तर इतक्या वेळा झाला की एव्हाना पीक काढून विकून झालं असतं. पण आजवर एकही दाखला मला लागलेला नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. हे आपोआप होत नाही बरं का, त्याला मेहनत आहे. आजकालची तरणी पोरं बघतो मी, दोन महिने बायबल स्टडीला येतात काय आणि लगेच डोळ्यात पाणी, लगेच ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी जाऊन माफी मागून येतात, म्हटलं अरे बाळांनो असं कसं चालेल, अजून आख्खं आयुष्य काढायचंय. तर त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी म्हणून लिहितोय. तहसीलचा दाखला जसा वेळेवर हातात पडत नाही तसा प्रभूचा डोक्यात पडू द्यायचा नाही, एवढं धोरण ठेवा.

सगळ्यात सेफ जागा म्हणजे भूगोल. चांगला शोमरोनी (लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला देवळातले याजक आणि लेवी टाळून जातात, आणि यहुदी ज्यांना हलके मानायचे त्या शोमरोन्यांतला एक जण त्याला उचलतो, तो दाखला) निघाला की पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, हमखास यरुशलेम ते यरीहो हा रस्ता समजावतात. तेव्हा वही काढायची. साधारण २७ किलोमीटर, वरचं टोक समुद्रसपाटीच्या ७५० मीटर वर आणि खालचं टोक समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली, म्हणजे हजार मीटरचा उतार, उजाड डोंगर, वळणं, दरोडेखोरांना लपायला जागाच जागा. सगळं लिहून घ्या, जमलं तर संदेश झाल्यावर विचारा की आपल्या कसारा घाटापेक्षा हा अवघड का हो. जोवर घाट चाललाय तोवर रस्त्यात पडलेल्या माणसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तो याजक आणि तो लेवी पण घाटच बघत गेले असतील, आपण कशाला कोणाचा न्याय करा.

या दाखल्यात एक माणूस मात्र माझा गुरू आहे. शोमरोनी नव्हे हो, तो तर स्वतःचं तेल, द्राक्षारस आणि वर दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी घालवून बसला, त्याचं काय शिकायचं. माझा गुरू म्हणजे तो शास्त्री, धर्मशास्त्राचा पंडित, ज्याने मुळात ‘माझा शेजारी कोण’ असा प्रश्न टाकला. शेवटी येशूने त्यालाच उलटं विचारलं की या तिघांपैकी शेजारी कोण झाला, तेव्हा या गड्याने ‘शोमरोनी’ हा शब्द तोंडातून काढला नाही तो नाहीच. ‘त्याच्यावर दया करणारा तो’ म्हणाला आणि मोकळा. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण, आणि जातीचं नाव घेऊन तोंड विटाळलं पण नाही.

आपण तर त्याच्याही पुढे गेलोय. सरकार आपल्याला, म्हणजे दलित ख्रिस्त्यांना, अनुसूचित जातीचा दाखला देत नाही, १९५० च्या आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू होते, मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आपण अजून बाहेरच, त्यासाठी मोर्चे निघतात, निवेदनं जातात, आणि ते बरोबरच आहे, मीही सह्या केल्यात. पण घरात पोरीचं स्थळ बघायला घेतलं की जात कशी बिनदाखल्याची बरोबर बाहेर येते! ‘मुलगा चांगला आहे हो, शिकलेला आहे, दर रविवारी चर्चला असतो, पण ते मूळचे कोण?’ इथे ‘मूळचे’ म्हणायचं, बाकी काही म्हणायचं नाही. शास्त्र्याचीच ट्रिक.

कुसळ आणि मुसळाचा भाग आला की मान किंचित डावीकडे वळवून तिसऱ्या बाकावर बघायचं. ज्याला लागू आहे तो आलाय का एवढं तपासायचं. नसेल आला तर मोबाईलवर क्लिप काढून घरी जाऊन ग्रुपवर टाकायची, वर दोन हात जोडलेले, खाली ‘आज प्रभू बोलला’. कोणाशी बोलला ते लिहायचं नाही, ज्याचं त्याला कळतं.

सुईच्या नाकातून उंट (श्रीमंत देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट त्यातून जाणं सोपं म्हणे), हा जरा डेंजर आहे, विशेषतः ज्यांनी नुकताच दुसरा फ्लॅट घेतलाय त्यांना. घाबरू नका. यरुशलेमेत म्हणे ‘सुईचं नाक’ नावाची एक बुटकी वेस होती, उंट ओझं उतरवून गुडघ्यावर बसला की त्यातून सरकत जायचा. अशी वेस असल्याचा कसलाही पुरावा कोणाला सापडलेला नाही पण त्याने काय बिघडतं, गेल्या कित्येक पिढ्यांतले पैसेवाले त्यातूनच गेलेत. ती नसेल पटत तर दुसरी सोय आहे, ग्रीकमध्ये उंट आणि दोरखंड हे शब्द जवळजवळ सारखे, तेव्हा तो दोरखंडच असणार म्हणायचं. दोरखंडही सुईतून जात नाही ही गोष्ट वेगळी, पण तोवर घंटा होते.

गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे तिच्या शेवटच्या दोन क्षुल्लक नाण्यांचा, दाखला (म्हणजे तो दाखला नाही खरं तर, समोर घडलेलं आहे, पण मोजताना आपण धरतोच) हा अर्पणाच्या रविवारी ठेवायचा असतो, हे कमिटीत असलेल्यांना सांगायला नको. फक्त मार्कचा १२ वा अध्याय ४१ व्या ओवीपासूनच वाचायचा. चाळीसावी वाचायची नाही, कारण तिथे येशू म्हणतो की हे शास्त्री लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. म्हणजे घर कोणी गिळलं आणि हातात दोनच टोल्या का उरल्या, असले प्रश्न मंडळीला पडायला लागतात आणि बिल्डिंग फंड तिथेच राहतो.

दान उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू नये म्हणतात. आमच्याकडे ते काटेकोर पाळतात. डाव्या हाताला काही कळत नाही, फक्त पंख्याच्या पात्यावर लाल अक्षरात नाव आहे, ते पंखा फिरताना वाचता येत नाही म्हणून मेच्या उकाड्यात सुद्धा एका कुटुंबाने आपला पंखा बंद ठेवायला सांगितला होता.

पण सगळ्यात जास्त सांभाळून राहायचं ते द्राक्षमळ्यापाशी. मत्तय २०. धनी पहाटे मजूर घेतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला, सुटायला तास राहिला असताना. आणि देताना सगळ्यांना एकच दिनार, ते पण शेवटच्यापासून सुरुवात करून, म्हणजे पहाटेच्यांनी उभं राहून बघायचं. आता तुम्ही म्हणाल हा तर उघड अन्याय आहे, शाब्बास, तेच म्हणायचं, आणि मोठ्याने. मीसुद्धा पहाटेचा माणूस आहे, आजोबांपासून आमचा बाक ठरलेला, आणि काल बाप्तिस्मा झालेला तो प्रभुभोजनाला माझ्या पुढे!

फक्त एक करायचं, सोमवारी सकाळी मजूर नाक्यावरून जाताना काच वर ठेवायची. तिथे सहा वाजल्यापासून डबा आणि थापी घेऊन उभी असलेली माणसं दिसतात, नऊ वाजता निम्मी उरतात, बाराला जे उरतात ते बहुतेक म्हातारे किंवा खोकणारे. मळ्यातल्या पाच वाजताच्यांना धनी विचारतो की दिवसभर रिकामे का उभे, आणि ते म्हणतात, कोणी कामाला लावलंच नाही. हे वाक्य आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण नाक्यावर बाराला उरलेल्या माणसाच्या तोंडावर ते दिसलं की मग घरी गवंड्याला साडेचारला सोडताना अर्धा तास कापता येत नाही. म्हणून काच.

आणि ज्यांनी काच वर केलीच नाही अशा लोकांचं काय करायचं, तर त्यांना फ्रेम करायची. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या बायका-पोरी गोळा करून केडगावला आणल्या, फ्रेम. नारायण वामन टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात देवाचा दरबार काढला आणि म्हणाले बाप्तिस्मा झालेले न झालेले दोघेही या, मोठी फ्रेम. अभंग म्हणायचे, हार घालायचा. न झालेले आपल्या बाकावर बसले तर चालेल का, हा विषय त्या दिवशी काढायचा नाही.

उधळ्या पुत्राचं मात्र मला टेन्शन नाही. बापाकडून वाटा घेऊन उधळून परत आलेला धाकटा, तो मी नाही, मी कधी उधळलंच नाही. बाप पळत जातो, अंगठी घालतो, पुष्ट वासरू कापतो, ते आपल्याकडे कायद्यातच बसत नाही. मोठा मुलगा शेतावरून येतो, गाणंबजावणं ऐकतो, आत जात नाही, ‘माझा भाऊ’ पण म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो, आणि मला एक करडूसुद्धा दिलं नाहीत म्हणून बापाला ऐकवतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. मग तो आत गेला का नाही ते लूकने लिहिलेलं नाही, तिथेच संपवलंय. गेल्या महिन्यात पाळकसाहेब नेमके तिथेच थांबले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते आमच्याकडे बघत राहिले. मी घड्याळ बघितलं, पावणेबारा. रविवारी बारानंतर आमच्या मटणवाल्याकडे करडाचं संपतं, मी हळूच मागच्या दाराने निघालो.