बायपासनंतर बीपीची गोळी बंद करा म्हणणारा तो मेसेज चुकीचाय

आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय, की बायपास झाली म्हणजे नळ्या मोकळ्या, आता बीपी वाढणारच नाही, गोळ्या महिन्याभरात बंद करा आणि सकाळी लसूण खा. असं काही नाहीये हो. बायपासमध्ये हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून दुसरा रस्ता करतात, बीपीची खोड तशीच राहते, आणि वाढलेलं बीपी त्या नव्या रस्त्यालाही त्रास देतं. आमच्या बाबांचं १२४/७८ येतंय, मेसेज वाचून तेही म्हणाले आता कशाला गोळी, अहो पण ते गोळीमुळेच येतंय ना! बीपीच्या गोळ्यांतली मेटोप्रोलॉलसारखी, ठोके हळू करणारी गोळी एकदम सोडली तर ठोके आणि बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं, म्हणून ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. रामिप्रिल या बीपीच्या दुसऱ्या गोळीने कोरडा खोकला लागला तर डॉक्टरांना सांगा, बदलून देतात. चक्कर येतेय, बीपी फारच खाली जातंय, तरी डोस स्वतः कापू नका, फोन करा. लसूण जेवणात खा की, पण वडापावच्या चटणीतून नको, मीठ खूप असतं त्यात.