आबांचा सातारा आणि ताईंचा पाण्याचा दिवस

नळ स्टॉपच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या लाँड्रीच्या तीन पायऱ्यांवर, सकाळी सात ते साडेआठ एवढाच वेळ भरणाऱ्या आमच्या कट्ट्याला गेल्या गुरुवारी अचानक गांभीर्य आले, कारण आबांनी चहाचा पहिला घोट घेण्याआधीच कोथरूडचा फ्लॅट विकून कायमचे साताऱ्याला राहायला जाण्याचा निर्णय जाहीर केला. आबा असा निर्णय वर्षातून दोनदा जाहीर करतात. मागच्या खेपेस वाई होती आणि त्याआधी दापोली. या वेळी मात्र त्यांच्याकडे कागद होता. उभी हयात बँकेत गेलेल्या माणसाने कागद काढला की त्यावर रकाने असणारच. डावीकडे पुणे, उजवीकडे सातारा, प्रत्येक बाबीला दहापैकी गुण, आणि उजव्या रकान्याची बेरीज अर्थातच जास्त भरत होती.

"मध्यम शहर हेच माणसाच्या मापाचे शहर," आबा म्हणाले. "साताऱ्याची वस्ती 2011 च्या जनगणनेत सव्वा लाखाच्याही आत होती. कासचे पाणी आहे, अजिंक्यताऱ्याची हवा आहे, राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत माणूस पायी जाऊ शकतो. इथे मला पौड फाट्यावरून डेक्कनला जायला पाऊण तास लागतो."

"अरे, 2023 पासून तुझ्या डोक्यावरून डेक्कनपर्यंत मेट्रो धावते आहे," मास्तर म्हणाले. आबांनी गुडघे दाखवले. मास्तरांनी सरकत्या जिन्याची आठवण करून दिली. आबांनी विषय बदलला आणि पाकिटातून दुसरा कागद काढला, म्हणजे 2018 सालचे ते प्रसिद्ध कात्रण, ज्यात राहण्यासाठी सुलभ अशा 111 शहरांत पुणे पहिले आले होते. घडीवर फाटलेले हे कात्रण आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की त्याच्या पाठीमागची मिक्सरची जाहिरातसुद्धा आम्हाला पाठ आहे. पूर्वी ते पुण्याच्या बाजूने दाखवले जात असे, हल्ली असल्या याद्या किती खोट्या असतात हे सिद्ध करण्यासाठी दाखवले जाते.

मास्तर महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहेत आणि आबांचे शाळासोबती आहेत, त्यामुळे त्यांना आबांची भीड वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, ज्या जुन्या पुण्यासाठी आबा उसासे टाकतात तेही एके काळी मध्यम शहरच होते, पण ते केवळ लहान होते म्हणून चांगले नव्हते. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला, तो देशातला तसा पहिलाच, आणि त्या कायद्याच्या वळणाने डेक्कन आणि भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, बाजूला आधी रस्ते आखले गेले, मग प्लॉट पडले आणि त्यानंतर माणसे राहायला आली. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे 1961 नंतर, पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हासुद्धा घरे साधी असली तरी सायकलवरून शाळेत आणि कामावर जाता येत होते. क्रम उलटा झाला तो नंतर. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे महापालिकेत आली, तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या, टँकर दुसरे आले आणि रस्त्याचा नंबर अजून लागायचा आहे. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे शेवटी महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आबा जे वर्षातून दोनदा जाहीर करतात ते त्या दोन गावांनी करून दाखवले, हे येथे नमूद केले पाहिजे.

एवढ्यात ताई आल्या. ताई मूळच्या सोलापूरच्या, एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहेत आणि रात्रपाळी संपवून घरी जाताना आमच्यात दहा मिनिटे टेकतात. त्या दहा मिनिटांत त्या जेवढे बोलतात तेवढे आम्हा बाकीच्यांना दीड तासात सुचत नाही. त्यांनी आबांचा कागद हातात घेतला, दोन्ही रकाने शांतपणे वाचले आणि विचारले, "यात दवाखाना कुठे आहे?"

"साताऱ्यात दवाखाने आहेत की," आबा म्हणाले.

"आहेत ना. पण मागच्या वर्षी तुमच्या छातीत दुखले तेव्हा घरापासून बाराव्या मिनिटाला तुम्ही टेबलावर होता, ते रिक्षावाल्यामुळे आणि शेजारच्या कॉलेजकुमारामुळे. आमच्याकडे रात्री दोन वाजता हायवेवरून रुग्णवाहिका येतात, त्यांत तुमच्याच वयाची माणसे असतात आणि सोबत आलेल्या मुलाच्या हातात फाईल असते. आबा, तुम्हाला साताऱ्यात राहायचे आहे आणि आजारी मात्र पुण्यात पडायचे आहे."

यावर आयटीवाल्या बंड्याने संधी साधली. त्याच्या मते दवाखाने, नोकऱ्या, कॉलेजे ही सगळी विमानतळाच्या मागोमाग येतात, तेव्हा मध्यम शहराला आधी विमानतळ हवा. बंड्याचे कोणतेही मत विमानतळापाशी किंवा स्टार्टअपपाशी संपते, म्हणून त्याला कोणी उत्तर देत नाही, पण ताईंनी दिले. सोलापूरच्या साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून जून 2023 मध्ये स्फोटकांनी पाडली, तेव्हा त्यांचे वडील गच्चीवरून बघत होते आणि संध्याकाळपर्यंत जेवले नव्हते. दोन वर्षांनी पहिले विमान उडाले ते गोव्याला. "आम्हाला गोव्यात काय काम? आमच्या घरातली तीन पोरे पुण्यात आहेत, त्यांना हुतात्मा एक्स्प्रेस पुरते," असे म्हणून त्यांनी बंड्याचा विषय संपवला.

मग आबांनी चूक केली. "पण सोलापूरही चांगलेच की," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "साडेनऊ लाख वस्ती, गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळे चालते, कडक भाकरी, शेंगाचटणी. स्मार्ट सिटीच्या 2016 च्या पहिल्या वीसांत पुणे दुसरे आणि सोलापूर नववे होते, मला पाठ आहे."

ताईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते आणि त्यावर एकादशी-चतुर्थीपेक्षा ठळक अशी निळ्या पेनाची वर्तुळे असतात. ते पाण्याचे दिवस. पाणी चार-पाच दिवसांआड येते, कधी पहाटे तीनला, कधी दुपारी, आणि त्या दिवशी आई लग्नाला जात नाही, बारशाला जात नाही, देवळातसुद्धा जात नाही. नळाच्या तोंडाला जुन्या धोतराचे फडके दुहेरी बांधलेले असते. पाणी येऊन गेले की ते सोडून उन्हात टाकायचे, आणि त्यात काय साठले आहे ते बघायचे नाही. आधी पिण्याचे हंडे, मग स्वयंपाकाची घागर, मग दोन पिंपे आणि शेवटी घरातली झाडून सारी पातेली. ताईंचा साखरपुडा ठरला तेव्हा भटजींनी तीन मुहूर्त काढून दिले होते, त्यांतला पाण्याच्या आदल्या दिवशी येणारा आईने आधी खोडला, कारण आदल्या दिवशी घरात पाहुण्यांचे पाय धुण्यापुरतेही पाणी नसते.

"दुसऱ्या जलवाहिनीची बातमी मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे," ताई म्हणाल्या. "आणि हे पाणी येते कुठून? उजनीतून. उजनीत येते भीमेतून, आणि भीमेत तुमच्या मुळा-मुठेतून काय येते ते मास्तरांना विचारा. आबा, तुम्ही इथे फ्लशचे बटण दाबता ना, ते माझी आई तिथे फडक्याने गाळते. मध्यम शहर चांगले असावे असे खरेच वाटत असेल तर साताऱ्याला जायची गरज नाही, इथेच बसून आपली घाण साफ करून खाली सोडा."

कोणी काही बोलले नाही. मास्तर तेवढे हळूच म्हणाले की, नदी वरून खाली वाहते हे त्यांनी तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवले, पण खाली कोण राहते हे शिकवायचे राहून गेले. तक्रार तरी कोणाकडे करायची, असे मी विचारले, कारण मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे पुण्यात नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता, आणि सोलापुरातही तेच होते.

तक्रार हा शब्द निघाल्याबरोबर मास्तरांचा चेहरा उजळला, आणि मला कळले की आता बसथांबा निघणार. झाले ते असे की आबा सोसायटीचे चिटणीस असताना फाटकासमोर बसचा थांबा होता आणि थांब्यावर उभी राहणारी मंडळी कुंपणाला टेकतात, या कारणावरून आबांनी सत्तर सह्यांचा अर्ज करून तो थांबा दोनशे मीटर पुढे ढकलून घेतला. कोथिंबीरवाली बाई कोपऱ्यावर बसायची, तिच्याविरुद्ध दुसरा अर्ज. सार्वजनिक स्वच्छतागृह होणार होते, त्याविरुद्ध तिसरा, तो तर लॅमिनेट करून ठेवलेला आहे. आता आबांचे दुखणे असे की बस लांब पडते, भाजी ॲपवरून मागवावी लागते आणि फिरायला गेल्यावर मध्येच घरी परतावे लागते.

"साताऱ्याचे पुणे व्हायला पंचवीस वर्षे लागली असती," मास्तर म्हणाले. "आबा गेला की पाचात होईल."

आबांनी चिडून सांगितले की ते सगळे अर्ज नियमाला धरून होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज मोठा ठेवायची त्यांना सवय असल्याने वहिनींचे बोलणे आम्हा सर्वांना ऐकू आले. आज गुरुवार, दुरुस्तीसाठी पाणी बंद, उद्या सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येणार, ही सूचना जिन्यात लावलेली असूनही रात्री टाकी भरून घेतलेली नाही, आणि मोलकरीण भांड्यांसमोर हात बांधून उभी आहे. चिटणीसपद गेले तरी टाकीचे बटण आबांकडेच असते.

"वहिनींना म्हणावे, काळजी करू नका," ताई हेल्मेट चढवत म्हणाल्या, "चौथ्या दिवशी येतेच. नाहीतर माझ्या आईला फोन लावून देऊ का?"

चहावालासुद्धा गाळणी हातात धरून हसत होता. आबा पैसे न देताच घाईघाईने निघाले आणि त्यांचा रकान्यांचा कागद ग्लासाखाली तसाच राहिला. मी तो उचलून पाहिला. पुण्याच्या रकान्यात वाहतुकीला दोन, हवेला तीन, शेजाऱ्यांना एक असे गुण होते, आणि पाण्यापुढे, पेन दोनदा गिरवून, दहापैकी दहा.